समभागातला 'सम'

शेजारची मृदुला आणि तिची बालमैत्रीण सायली मिळून कंपनी काढणार आहेत. करारातले मराठी तपासून घ्यावे, म्हणून काल दोघी माझ्याकडे आल्या. सायलीने एका शब्दावर बोट ठेवले.

"सर, समभाग म्हणजे सारखे भाग ना? मग हिला साठ टक्के आणि मला चाळीस कसे?"

"बघा सर! शाळेत माझा अर्धा डबा हीच संपवायची, तेव्हा नाही विचारलं," मृदुला हसत म्हणाली.

मी जुन्या सवयीने समासाचा विग्रह करून सांगितला. 'सम' हे विशेषण भागांचे आहे, भागधारकांचे नव्हे. प्रत्येक भागाचा अधिकार सारखा. कोणाकडे किती भाग, हे मात्र आपण ठरवायचे.

सांगता सांगता मला वसंता आठवला. शाळकरी वयात आम्ही दोघे विकण्यासाठी आकाशकंदील करत असू. कामट्या तो तासायचा, कागद मी चिकटवायचो. त्या खळीचा वास अजून आठवतो. "निम्मे-निम्मे," एवढाच आमचा करार होता. एका दिवाळीआधी त्याच्या वडिलांची बदली झाली आणि सांगाडे अर्धवट ठेवून तो गेला. आता त्याचा वाटा किती, हे त्याने विचारले नाही, मीही तो विषय काढला नाही. त्या संकोचातच आमची पत्रे थांबली.

"आणि पुढच्या वर्षी मी शिकायला परदेशी गेले तर?" सायलीने हळूच विचारले.

मृदुलाचे हसू मावळले. मी पेन दोघींपुढे केले.

"हेच आधी लिहा. एकमेकींशेजारी बसल्या आहात तोवर."