पाच लाँग लेक

९ सप्टेंबर १९८६, मंगळवार. डुलुथच्या ऑफिसात, नकाशांच्या खोलीत, तळ्यांच्या नावांची कार्डं लावत होते. ‘एल’चा खण. लाँग लेक, लाँग लेक, पुन्हा लाँग लेक...

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. मंडळाच्या पिकनिकला कुणी प्लँचेटचे किस्से काढले की मी उठून भांडी घासायला जायचे. भांडी निदान स्वच्छ तरी होतात.

मिनेसोटाच्या उत्तरेला तळी इतकी, की नावं देणारे कंटाळले. इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांची जुनी नावं रानभात कुठे पिकतो, होडी कुठून उचलून न्यायची, हे सांगायची. ती आमच्याच, नकाशे काढायच्या धंद्यातल्या लोकांनी पुसली आणि आपली लिहिली. लांब दिसलं की लाँग, चिखल दिसला की मड. नाहीतर बायकोचं नाव, बायको पुरली नाही तर मेव्हणीचं! आमच्या एका काउंटीत लाँग लेक पाच. ही दुहेरी नावं बदलायची यादी मी कधीच करून ठेवली होती. साहेब म्हणायचे, “लोकांना सवय आहे, बजेट नाही.” यादी खणात पडली. मीही भांडले नाही.

माझा नवरा दिनकर आमच्याच खात्यात तळ्यांच्या पाण्याचे नमुने घ्यायचा. पाण्यावर उतरणारं छोटं विमान सकाळी त्याला सोडायचं, संध्याकाळी उचलायचं. १९८३च्या मे महिन्यात एका सकाळी टेबलावर चहा घेता घेता तो ट्रिपची स्लिप भरत होता.

“अगं, नुसतं लाँग लेक लिहिलंय. नकाशातल्या चौकोनाचा नंबर टाकू का?”

“पायलटला माहितीये रे. ऊठ, उशीर होतोय.”

हे माझं वाक्य. तीन वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज इथे लिहितेय.

सोडणारा पायलट त्याला उतरवून दुपारी रजेवर कॅनडाच्या रानात गेला, तिथे फोन नव्हता. संध्याकाळी उचलायला दुसरा गेला, रे नावाचा. त्याच्या हातात स्लिप. तो दुसऱ्याच लाँग लेकवर गेला. दिनकर दिसला नाही, म्हणून शोध सुरू झाला... तिथेच. मी फोनवर विचारलं, “कुठलं लाँग लेक?” पलीकडून म्हणाले, “मॅडम, त्याची शेकोटी सापडली आहे.” मी फोन ठेवला. शेकोटी कुणा मासे पकडणाऱ्याची होती. दोन दिवस ते चुकीचं पाणी ढवळत राहिले. गारठ्याचा पाऊस चालू होता. तिसऱ्या दिवशी पहिला पायलट परतला आणि म्हणाला, “मी त्याला इथे नाही सोडलं.”

दिनकर टेकडीपलीकडच्या लाँग लेकवर सापडला, झाडाला टेकून बसलेला. बुडाला नव्हता, गारठून गेला होता. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या रात्रीपर्यंत जिवंत असावा.

आता तीन वर्षांनी साहेबांना त्या तळ्याला त्याचं नाव द्यायचं होतं. समारंभ, पाटी, फोटो. चूक कुणाची, हा प्रश्न त्या पाटीखाली कायमचा गाडला गेला असता. घरच्यांच्या संमतीचा फॉर्म माझ्या टेबलावर होता. मुलगी मिनियापोलिसहून फोनवर म्हणाली, “आई, जस्ट साइन इट. बाबांचं नाव मॅपवर राहील.” तिला नाही म्हणवेना. दिनकर स्वतः असल्या नावांना हसायचा. “तळं काय कुणाची म्हैस आहे, नाव ठेवायला?”

नाव बदलायचं तर जागेवर जाऊन नकाशा पडताळावा लागतो. ते काम माझं. साहेब म्हणाले, “तुम्ही नका जाऊ.” मी म्हटलं, “नियम आहे.” त्या दुपारी एकला रेच्या विमानातून निघाले. स्वच्छ ऊन होतं. कानावर हेडफोन, मांडीवर नकाशा.

चुकीच्या लाँग लेकवर आलो आणि हेडफोनमध्ये खरखर झाली.

“हे नव्हे गं. पुढचं. पुढचं.”

दिनकर. हायवेवर मी चुकीच्या एक्झिटला गाडी वळवायला लागले की तो असाच वैतागायचा — हाच आवाज, हेच शब्द.

मी काही म्हणायच्या आत रे हसला. “आला बघा म्हातारा!”

“कोण?”

“कुणी फिनिश म्हातारा असणार, इथे फिनिश लोक पुष्कळ. त्या मेमध्ये याच तळ्यावर घिरट्या घालत होतो ना, तेव्हा दोन दिवस हाच बोलत होता. हेच, पुन्हा पुन्हा. भारी चिडका!”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? शोधात लक्ष लागेना. आवाज बारीक केला.”

विमान टेकडी ओलांडून गेलं आणि खरखर थांबली.

दिनकरपाशी तेव्हा रेडिओ नव्हता, हे मला पक्कं ठाऊक आहे. खात्यातला एकमेव हातात धरायचा सेट दुरुस्तीला गेला होता. पुढे रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांना विचारलं. लांबचं स्टेशन कधी कधी पकडतं, म्हणाले. असेल. पण मराठीत? आणि त्याच तळ्यावर, तीन वर्षांच्या अंतराने तेच शब्द? माझ्या मनाचे खेळ म्हणावेत, तर रेने ते माझ्या आधी ऐकले होते.

उतरताना रेने विचारलं, “तुम्हाला कळलं का हो, काय म्हणत होता?”

त्याच्याकडे पाहिलं. चांगला माणूस. रोज विमान चालवतो, घरी दोन लहान मुली. माझं एक वाक्य मी तीन वर्षं वाहत होते. त्याला त्याचं ओझं कशाला द्यायचं?

“मला फिनिश येत नाही,” म्हटलं. खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मुलीला फोन केला आणि चहाच्या टेबलावरचं ते वाक्य तिला सांगितलं. ती म्हणाली, “डोन्ट साइन.” साडेआठला फॉर्मवर ‘संमती नाही’ लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला, त्यावर दुहेरी नावांची यादी ठेवली आणि समोर बसले.

“तीन वर्षं झाली,” साहेब म्हणाले. “आजच एवढी घाई कसली?”

मी त्याच सकाळच्या ट्रिपची स्लिप पुढे सरकवली. विमान दहाला आणखी कुणाला तरी सोडायला निघणार होतं. स्लिपवर नुसतं लिहिलं होतं, लाँग लेक. साहेबांच्या हातात पेन दिलं आणि म्हटलं, “कुठलं ते लिहा.”