पेवातली ज्वारी सडलेली नव्हती

दुपारच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की आमच्या पेवातली ज्वारी सडली, म्हणून आतली हवा विषारी झाली. ते चूक होतं.

सकाळी दिग्रसजवळच्या शेतात आम्ही ज्वारी साठवायचं जमिनीतलं पेव उघडलं. दादा कमरेला दोर बांधून आत उतरायला निघाला होता. बाबांनी आधी कंदील सोडला. तो थोडा खाली जाताच विझला.

"वारं लागलं असन," दादा म्हणाला.

"आत कोठचं वारं बे? मांगं हो," बाबा म्हणाले.

मग वरूनच बादलीनं ज्वारी काढली. ती दुपारनंतर घरी आली. आईनं ओंजळीत घेऊन हुंगली. कोरडी आणि स्वच्छ होती. मग कंदील विझला कशानं?

दाणा जिवंत असतो. आपल्या पेशींसारखाच तो साठवलेलं अन्न आणि ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. बंद पेवात चांगल्या ज्वारीनंच हवेतला ऑक्सिजन संपवला होता.

पोस्ट खोडायला फोन उघडला, तर शेजारच्या काकांची कमेंट दिसली: "आमची जवारी ठणठणीत हाय पोरी, आमाले काय भेव?"

माझ्या पोस्टमुळेच ते निर्धास्त झाले होते. आईनंच मला लिहायला शिकवलं. पण आता ती एवढंच म्हणाली, "पयले त्यायले फोन लाव."

काका फोनवर हसले. "एवढी शिकली अन् जवारीले भेतं काय व?"

तुमच्याकडे कोणी असं पेवात उतरतं का? त्यांना आजच थांबवा.

काकांचं पेव बुधवारी उघडणार आहे. बुधवारी सकाळी त्यांच्याआधी मी कंदील घेऊन तिथे असेन.