चुन्याच्या पाण्यात उतरलेली कावीळ

जो माणूस फुकट औषध देतो, त्याचा मला जरा जास्तच संशय येतो. स्वभावच तसा, काय करणार?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहायची, माहेर पिंपळीला. थोरल्या भावाला कावीळ झाल्याचं कळलं म्हणून गेले, तर दादाचे डोळे पिवळेजर्द, अन्न बघितलं तरी उलटी. "दवाखान्यात दाखवलं का?" विचारलं, तर म्हणतो, "न्हाय गं. इंदापूरकडं एकजण फुकट उतरवतो. आज परत बोलावलंय." सुई टोचली की कावीळ अंगात मुरते, अशी आमच्याकडं ठाम समजूत. माझं डोकंच फिरलं. पण वहिनीपुढं काही चालेना, म्हणून मीही जीपमध्ये बसले.

तिथं लिंबाखाली ही गर्दी! तो बाबा आधी कसल्यातरी सालीचा रस आजाऱ्याच्या हातांना चोळायचा, मग वरून चुन्याची निवळी ओतायचा. खाली परातीत पिवळं पाणी. "बघा, निघाली!" लोक हात जोडायचे. मला मात्र त्या रसाच्या वाटीचाच संशय. रस न चोळता ओतून दाखव की मेल्या! दादाच्या हातावरून पिवळं पाणी वाहिलं, डोळे होते तसेच राहिले.

मी सरळ जाऊन पाटावर बसले. "माझी पण उतरवा." तो नको नको म्हणत होता, पण गर्दीपुढं करतो काय? चोळला रस, ओतलं पाणी. पिवळंधमक! मी ओरडले, "बघा! मी ठणठणीत आहे, तरी पिवळं! आता बोला!"

बोलली वहिनीच, कपाळाला हात लावून. "अगं बया! वन्सं, तुमालाबी झालीया की!"

अन् तो लबाड म्हणतो, "लई दिवसांची हाय. येळेवर आला, बरं झालं."

घरी आल्यावर माझ्या ताटातलं तेल, हळद बंद. वहिनी एकसारखी माझे डोळे ताणून बघायची. दादाला तर धड उभं राहवत नव्हतं, तरी माझ्यासाठी उसाचा रस आणायला निघाला. तेव्हा मला सुचलं. म्हटलं, "दादा, मला लई गळाल्यासारखं होतंय. बारामतीला दवाखान्यात ने मला." सुईचं नावही न काढता त्यानं चपला घातल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. दादाचे डोळे बघितले आणि म्हणाले, "आधी यांना झोपवा." नर्स सलाईन घेऊन आली, तर हा हात मागं घेतो. "पयलं बहिणीला लावा. लेकराबाळांची हाय ती."

मला रडूच कोसळलं. "मला काही झालेलं नाही रे," असं परोपरीनं सांगितलं, पण तो हात पुढं करेना. शेवटी मी शेजारच्या कॉटवर आडवी झाले, तेव्हा कुठं त्यानं नर्सच्या हातात हात दिला.