एस्तेरचा कागद

दुपारचं जेवण झालं की व्हरांड्यातल्या खुर्चीत माझा डोळा लागतो. पुरती झोप नसते ती. शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर कानात चालू असते. आज ती घरघर हळूहळू पंख्याची होते, आणि मी मिरजेतल्या आमच्या जुन्या हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डात उभी आहे. समोर एस्तेर चादर बदलते आहे.

एस्तेर गेल्या जानेवारीत गेली. एकतीस वर्षं आम्ही दोघी तिथे नर्स होतो.

"ते टोक धर," ती म्हणते.

मी टोक धरून ताणते, तर खाली कॉट नाहीच. आम्ही नर्सेस हॉस्टेलच्या गच्चीवर आहोत, चादर दोरीवर फडफडते आहे. एस्तेर तेवीस वर्षांची आहे. मी मात्र चौऱ्याहत्तरचीच, गुडघ्याला पट्टा बांधलेली. तिला त्याचं काही वाटत नाही.

जे विचारायचं ते माझ्याच्यानं विचारवत नाही. मग आम्ही जुनंच काढतो. मेट्रनच्या चपलांचा आवाज, मेसमधली पाण्यासारखी आमटी, नाताळात ती घरून माझ्यासाठी रुमालात बांधून आणायची त्या करंज्या. ती हसते, पूर्वीसारखीच, तोंडावर हात धरून.

निवृत्त झाल्यावर तिनं एका कागदावर लिहून ठेवलं होतं: शेवट आला की मशीन नको, घशात नळी नको, मला घरी न्या. माझ्यासमोर तिनं तो मुलाला, सुहासला वाचून दाखवला. सुहास अर्धा चहा टाकून उठून गेला होता. पुढे तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणाले, फारशी आशा नाही; व्हेंटिलेटर लावायचा का? सुहास तोच कागद हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. घरी नेऊ या, असं मीच म्हटलं. चार दिवसांनी ती गेली. सुहास मला कधी काही बोलला नाही, आणि तेच मला लागून राहिलंय.

"एस्तेर, मी घाई केली का गं?"

ती माझ्या मागे येऊन बसते, ड्यूटीवर जायच्या आधी बसायची तशी, आणि माझे केस मोकळे करते. गच्चीचा कठडा आता तिच्या घरातला पलंग आहे.

"चार दिवस सुहास माझे पाय चेपत बसला होता," ती म्हणते. "लग्न झाल्यापासून एवढा वेळ तो माझ्याजवळ कधी बसला होता?"

मग ती माझ्या कागदाचं विचारते. मी अजून लिहिलेला नाही. मला मूलबाळ नाही. एक भाची आहे, अश्विनी, नाशिकला. तिला फोनवर असलं कसं सांगायचं, असं मी म्हणते.

"आधी रागावेल. मग रडेल. पण हिरा, तू न सांगता गेलीस तर तिनं कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

शेवटचा पेड ती जरा जोरातच ओढते.

मी जागी होते. व्हरांड्यात ऊन आलंय. मान वळवते तर पाठीवर काहीतरी सरकतं. मी रोज अंबाडा घालते. आज माझ्या विरळ, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी आहे आणि टोकाला बँडेजच्या पट्टीची गाठ. रिबन सापडली नाही की एस्तेर अशीच बांधायची. माझ्या घरात तर कित्येक वर्षांत बँडेज आलेलं नाही.

वेणी तशीच ठेवून मी अश्विनीला फोन लावते.