कॅमेऱ्यावरचा टॉवेल

गाडी सुटेपर्यंत आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी नोकरीसाठी इंग्लंडला निघाले होते आणि माझे वडील कोल्हापूरच्या स्टँडवर बसच्या चाकाकडं बघत उभे होते. मी खिडकीतून हाक मारली तर म्हणाले, "तिकडं कुणावर लगीच भरवसा ठिवू नगं. आदी बघून घे." एवढंच. मला रागच आला. आई आधीच गेलेली, मागं राहिले आबा आणि त्यांची म्हैस.

बघून घ्यायची सवय आमच्या घराला धंद्यानं लावली. आबा रोज संध्याकाळी म्हैस घेऊन दूधकट्ट्यावर जातात आणि गिऱ्हाइकाच्या समोर गलासात धार काढतात. कोल्हापूरकराचा बंद किटलीतल्या दुधावर विश्वास नाही. पाणी घातलं नाही हे डोळ्यांनी बघायचं, मगच प्यायचं. आणि गलास भरला तरी "आबा, आणि जरा" म्हणायचंच.

इंग्रजीच्या क्लासात सरांनी फळ्यावर बघण्याचे शब्द लिहून दिले होते. सी म्हणजे नुसतं दिसणं. लुक म्हणजे मुद्दाम नजर वळवणं. वॉच म्हणजे लक्ष ठेवून बघत राहणं. ग्लान्स ओझरतं, स्टेअर टक लावून, पीप चोरून, फटीतून. मला वाटलं, एवढे कशाला लागतात? आमच्याकडं सगळ्याला एकच, बघतोय की.

लीड्सला वृद्धाश्रमात नर्स म्हणून आले आणि कशाला लागतात ते कळलं. शेजारीण पडद्याआडून पीप करायची. बसमध्ये लोक ग्लान्स टाकून नजर काढून घ्यायचे. गल्लीच्या तोंडाशी पाटी होती, नेबरहूड वॉच, म्हणजे चोराचिलटांवर शेजाऱ्यांची नजर आहे. वॉच कोण करतंय ते मात्र कधी दिसलं नाही, आणि पहिलं वर्षभर मला वाटायचं, ती माझ्यासाठीच लावलीय. आपल्याकडं नवखा दिसला तर लोक खुशाल टक लावतात, "कुठलं पावणं?" विचारतात आणि विषय संपतो. तुमच्यापैकी जे असेच बाहेर पडलेत त्यांना हे ठाऊक असेल.

गेल्या सुट्टीत मी आबांच्या स्वयंपाकघरात कॅमेरा बसवला. इथं मोबाइलवर ते चहा करताना दिसले की जीव भांड्यात पडायचा. मग एक दिवस कॅमेऱ्यावर टॉवेल आला. विचारलं तर म्हणाले, "वाळत घातलाय." दुसऱ्या दिवशीही तो वाळतच होता, आठवड्यानंही.

माझ्या डोक्याला भुंगा लागला. दारू सुरू केली? भाऊबंदांनी कुठं सही घेतली? पडले असतील आणि लपवत असतील? म्हातारी माणसं काय काय लपवतात ते मी रोज बघते. फोनवर आवाज मात्र ठणठणीत, "मला काय धाड भरलीया?" मी रजा टाकली आणि न कळवता निघाले.

स्टँडवरून थेट कट्टा गाठला आणि गिऱ्हाइकांच्या मागं उभी राहिले. पहिला म्हणाला, "बास, आबा." दुसराही म्हणाला, "बास." लहानपणापासून त्या कट्ट्यावर बास म्हणणारा माणूस मी बघितला नव्हता. तिसऱ्यानंही फेस काठाला येताच बास म्हटलं, तेव्हा मी नीट बघितलं. आबांचे हात कासेवर बरोबर चालत होते, डोळे भलतीकडंच होते. गलास भरलेला त्यांना दिसत नव्हता. दुधात पाणी शोधणारी ही संशयी माणसं त्यांना गुपचूप सांभाळून घेत होती.

माझी पाळी आली. "या पावणं," आबा म्हणाले.

मला बास म्हणायचं होतं, पण मी त्यांच्या डोळ्यांकडंच बघत राहिले. फेस काठावरून त्यांच्या बोटांवर उतरला तेव्हा हात थांबला.

"सांडलं की, पावणं. बास म्हणायचं न्हाय व्हय?"

"आबा."

आवाज ओळखून त्यांनी गलास खाली ठेवला. मग हळू म्हणाले, "तुला दिसलं असतं तर मला उचलून तिकडं न्हेलं असतंस, सुमे. म्हणून टॉवेल टाकला. म्हशीला सोडून मी कुठं जाऊ?"

कॅमेरा मी त्याच दिवशी काढला. डॉक्टरांना दाखवलं, रक्तातली साखर उतरली की डोळ्यांचं ऑपरेशन आहे, तेही कोल्हापुरातच. आबा कुठं जाणार नाहीत. घर कुठलं असं मला इथं लीड्सला विचारतात तेव्हा मला आता तो कट्टाच आठवतो, जिथं बघायचं तर समोर येऊन उभं राहावं लागतं.

परत निघाले तेव्हा या खेपेला आबा चाकाकडं बघत नव्हते. माझ्या खिडकीच्या जरा डावीकडं तोंड करून उभे होते. गाडी हलली तरी मी हाका मारत राहिले, म्हणजे कुठं बघायचं ते त्यांना कळावं.