आत्याला रशियात शिरायचं होतं

माझी आत्या बडोद्यात जन्मभर रशियन शिकवत आली, पण रशियात एकदाही गेली नव्हती. तिकडे शिकायला जाण्यासाठी दोनदा तिची निवड झाली होती. पहिल्यांदा निघायच्या आधी माझे आजोबा अंथरुणाला खिळले आणि ती थांबली. दुसऱ्यांदा सगळं ठरत असतानाच तो देशच फुटला आणि तिला बोलावणारी मंडळी कुठल्या कुठे गेली. पुढे विद्यापीठात रशियन घेणारी मुलं कमी होत गेली. शेवटी शेवटी तर वर्गात जेमतेम एक बाक भरायचा. आत्या निवृत्त झाली, फतेगंजातली भाड्याची जागा सोडून गोत्रीला आमच्या सोसायटीत राहायला आली आणि रशियाचा विषय घरात निघेनासा झाला.

तिचं रशियन सुरू झालं ते बडोद्याजवळ रिफायनरी उभी राहत होती तेव्हा. रशियातून इंजिनियर आले होते, त्यांतलं एक जोडपं फतेगंजात आजोबांच्या घराला लागून असलेल्या बंगल्यात राहायचं. आत्या तेव्हा शाळेत होती. त्या बाईंना बाजारात भाजीवाल्यांशी बोलता यायचं नाही, म्हणून त्या हिला बरोबर न्यायच्या. ही त्यांना गुजरातीत घासाघीस करायला शिकवायची आणि त्या हिला रशियन शिकवायच्या. दोन-तीन वर्षांनी ते जोडपं परत गेलं. हिने मात्र ती भाषा सोडली नाही.

जहाजाची कल्पना माझी. तेव्हा बाल्टिक समुद्रातली जहाजं सेंट पीटर्सबर्गला दोन दिवस थांबायची आणि जहाजाच्याच सहलीबरोबर उतरलं तर रशियाचा वेगळा व्हिसा लागत नसे. अट एकच होती, गटाबरोबर जायचं आणि गटाबरोबर परत यायचं. आत्याचे गुडघे पाहता मला हे सोयीचं वाटलं. मी शाळेत गणित शिकवते, मे-जूनची सुट्टी हाताशी होती. तिला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली.

"जहाजावरून म्हणजे नुसतं बघून यायचं ना?" ती म्हणाली.

"उतरायचं ग. दोन दिवस शहरात फिरायचं."

"म्हणजे मला कोणाशी तरी बोलता येईल."

तिला एवढंच हवं होतं. राजवाडे, कारंजी, सोन्याचे घुमट यांच्याबद्दल तिने एकदाही विचारलं नाही.

जहाज बंदराला लागलं त्या सकाळी आत्या माझ्या आधी तयार होती. निळी रेशमी साडी, वर स्वेटर, गळ्यात पातळ स्कार्फ, पायात माझ्या नवऱ्याने आग्रहाने घेऊन दिलेले खेळाचे बूट. केबिनच्या आरशासमोर ती काहीतरी पुटपुटत होती. मी विचारल्यावर लाजली. "काही नाही. पासपोर्टच्या खिडकीवर काय बोलायचं ते म्हणून बघतेय."

जहाजातून उतरलं की समोरच मोठं दालन होतं. त्यात ओळीने काचेच्या खोल्या, प्रत्येकीत गणवेशातला एक अधिकारी, आणि प्रत्येकीपुढे लांब रांग. एवढी माणसं असूनही फारसा आवाज नव्हता. जमिनीवर पिवळी रेघ होती, तिच्या अलीकडे थांबायचं. एकेकाने पुढे जायचं, पासपोर्ट आणि सहलीचं तिकीट काचेखालून सरकवायचं, अधिकारी चेहऱ्याकडे बघणार, शिक्का मारणार, मग बाजूचं छोटं फाटक उघडणार. आमच्या पुढे बहुतेक युरोप-अमेरिकेतले पेन्शनर होते. एकेक जण भराभर पलीकडे जात होता.

"तू आधी जा ने," आत्या म्हणाली. तीन पिढ्या गुजरातेत काढलेल्या आमच्या घरात हा 'ने' वाक्याच्या शेवटी आपोआप येतो. "तू काय करतेस ते बघते."

मी गेले. काचेमागे पंचविशीतली मुलगी होती, केस घट्ट मागे बांधलेले. ती एक शब्द बोलली नाही. पासपोर्टमधला फोटो, माझा चेहरा, परत फोटो. शिक्का वाजला, फाटक उघडलं आणि मी रशियात आले. इतकं सोपं होतं. मागे वळून मी आत्याला हसून खूण केली.

आत्या पिवळी रेघ ओलांडून काचेपाशी गेली. बूट जुळवून ताठ उभी राहिली, जशी वर्गात उभी राहत असेल तशी, आणि बोलू लागली. मला फक्त पहिलं "दोब्राये ऊत्रा" कळलं, म्हणजे सुप्रभात. त्यापुढे ती बोलतच राहिली. त्या मुलीने मान वर केली. तिने काहीतरी विचारलं. आत्याने कान पुढे केला. मुलीने परत विचारलं, तेवढ्याच भराभर. आत्याने उत्तर दिलं, लांबलचक. मुलीचा चेहरा बदलला, पण मला हवा होता तसा नाही. तिने पासपोर्टची पानं पुढून मागे आणि मागून पुढे चाळली, मग फोन उचलला.

मागची रांग शेजारच्या खिडकीकडे वळवली गेली. आत्या काचेपाशी एकटी उभी राहिली. मी फाटकाकडे गेले तर एका शिपायाने हात आडवा केला. आमची गाइड, हातात गटाच्या नंबराची पाटी घेतलेली तरुण मुलगी, त्याच्याशी बोलली आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "थोडा वेळ लागेल. बस थांबवते मी." तिच्या चेहऱ्यावरून मला काही अंदाज येईना.

थोड्या वेळाने एक अधिकारी बाई आल्या. पन्नाशीच्या, आखूड केस, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्या आत्याला बाजूच्या खोलीत घेऊन गेल्या. मग दार उघडून त्यांनी मलाही बोटाने आत बोलावलं.

खोलीत टेबल, तीन खुर्च्या आणि खिडकीत एक कुंडी. आत्याच्या कपाळावर घाम होता. मी तिच्या शेजारी बसले आणि मराठीत विचारलं, "झालं काय?"

"ती मुलगी म्हणाली, रशियन कुठे शिकलात. मी म्हटलं बडोद्यात. ती म्हणाली, याआधी रशियात राहिला होतात का. मी म्हटलं नाही, कधीच नाही." आत्या थांबली. "मग मी म्हटलं, इथे यायची मी आयुष्यभर वाट पाहत होते."

"अगं आई ग."

"त्यात काय वाईट? खरं तेच सांगितलं."

मला डोक्याला हात लावावासा वाटला. व्हिसा नसलेली, सहलीच्या तिकिटावर उतरणारी बाई अस्खलित रशियन बोलते, कधी इथे आले नाही म्हणते आणि वर सांगते की इथे यायचीच वाट पाहत होते. त्या मुलीच्या जागी मी असते तर मीही फोन उचलला असता. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा तिला पहिल्यांदा उमगलं. "म्हणजे मी इथेच राहून जाईन असं वाटलं तिला?" ती म्हणाली आणि एकदम गोरीमोरी झाली.

समोरच्या बाई आमचं बोलणं संपायची वाट पाहत होत्या. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. त्या सावकाश बोलत होत्या, आणि आत्या प्रत्येक प्रश्नानंतर मला हळूच मराठीत सांगत होती. इथे नातेवाईक आहेत का? नाहीत. पूर्वी दुसऱ्या नावाचा पासपोर्ट होता का? नाही. बडोद्यात रशियन कोण शिकवतं?

या प्रश्नावर आत्या खुलली. तिने रिफायनरीची गोष्ट सांगितली, बंगल्यातल्या बाईंची सांगितली, विद्यापीठातल्या वर्गाची सांगितली. भाजीबाजाराचंही सांगितलं असावं, कारण मध्येच तिने वांगं केवढं ते हाताने दाखवलं. बाईंनी लिहिणं थांबवलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि काही विचारलं. आत्या विचारात पडली. मग तिने दिलेल्या उत्तरावर बाईंच्या ओठांचे कोपरे जरा हलले.

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"म्हणाल्या, मग तुम्ही परत जाणार याची खात्री काय?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, माझ्या सगळ्या साड्या जहाजावर आहेत."

बाई उठल्या. बाहेर जाऊन पासपोर्ट घेऊन आल्या, त्यावर शिक्का होता. तो आत्याच्या हातात देताना त्या उभ्या उभ्याच बरंच बोलल्या. या वेळी आत्याने भाषांतर केलं नाही, नुसती ऐकत राहिली. आम्ही बाहेर पडलो, बाजूच्या दारानेच, त्यामुळे फाटकातून जायचं राहिलंच.

बसमध्ये सगळे आमची वाट बघत होते. कोणी तक्रार केली नाही, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर टाळ्या वाजवल्या. आत्या खिडकीपाशी बसली. मी पाण्याची बाटली दिली, ती तिने उघडलीच नाही.

"शेवटी काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, तुमचं बोलणं फार व्यवस्थित आहे. इतकं अदबीने आता इथे कोणी बोलत नाही. आणि म्हणाल्या, उद्या खिडकीवर कमी बोला."

मी हसले. ती हसली नाही. रस्त्यावरच्या पाट्या मागे जात होत्या, तिच्या ओठांची हालचाल चालू होती, ती एकेक पाटी वाचत होती. औषधांचं दुकान. चपलांची दुरुस्ती. मग ती बाहेर बघतच म्हणाली, "ती मुलगी पहिल्यांदा काय बोलली ते मला कळलंच नाही. दुसऱ्यांदाही अर्धंच कळलं. इतकी वर्षं मी मुलांना उच्चार शिकवले आणि इथल्या पहिल्याच माणसाचं पहिलंच वाक्य मला कळलं नाही."

काचेआडून आवाज नीट येत नाही असं काहीतरी मी म्हटलं. ती मान डोलावून पुढची पाटी वाचू लागली.

राजवाड्यात पोचलो. गाइड पाटी उंच धरून पुढे, मागे आम्ही. प्रत्येक दालनात सोनं, आरसे, झुंबरं, आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली एक वयस्क बाई, कोणी कशाला हात लावत नाही ना ते बघणारी. एका दालनात आत्याचे गुडघे फारच दुखू लागले. तिथल्या बाईंनी ते पाहिलं असावं. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर थोपटून खूण केली. आत्याने माझ्याकडे बघितलं.

"बस," मी म्हटलं. "मी आहे इथेच."

आधी आत्या नुसती बसली. मग ती बाई काहीतरी बोलली, आत्याच्या बुटांकडे बोट दाखवून. आत्याने उत्तर दिलं. बाईने आपला लोकरी मोजा जरा खाली करून सुजलेला घोटा दाखवला. आत्याने साडी किंचित उचलून गुडघा कुठे दुखतो ते दाखवलं. त्यानंतर दोघी ज्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. मध्ये एक पर्यटक फुलदाणीच्या फार जवळ गेला तेव्हा बाई खेकसली आणि लगेच वळून पहिल्या सुरात बोलू लागली. आत्या सारखी "दा, दा", म्हणजे हो हो, करत होती. एकदा ती थांबून काहीतरी पुन्हा विचारत असावी, कारण बाईने तेच वाक्य सावकाश म्हटलं, जसं आपण बहिऱ्या माणसाला सांगतो तसं, आणि आत्याने तेच तिच्यामागून म्हटलं.

गाइडची पाटी दूर गेली तेव्हा मला त्यांना थांबवावं लागलं. बाईने खिशातून एक चॉकलेट काढून आत्याच्या मुठीत कोंबलं. आमच्या पर्समध्ये सुरतेची घारी मिठाई किंवा बडोद्याचा बटाट्याचा लीलो चिवडा असायला हवा होता, पण दोन्ही जहाजावर होते. आत्याने गळ्यातला पातळ स्कार्फ काढून दिला. बाईने आधी नको नको केलं, मग घेतला.

"काय बोललात एवढं?" जिन्यावर मी विचारलं.

"पगार पुरत नाही. सून उशिरा उठते. गुडघ्याला कोबीची पानं गरम करून बांधायची." आत्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. "उन्हाळा यंदा आलाच नाही म्हणे."

दुसऱ्या दिवशी खिडकीत एक तरुण अधिकारी होता. आत्या "दोब्राये ऊत्रा" एवढंच म्हणाली. त्याने मानही वर न करता शिक्का मारला, फाटक उघडलं, ती पलीकडे आली. "आज फारच लवकर झालं," ती म्हणाली. तिचा स्वर ऐकून मला वाटलं, तिला पुन्हा त्या कुंडीच्या खोलीत नेलं असतं तरी तिची हरकत नव्हती.

बडोद्याला परतल्यावर सोसायटीतल्या बायका भेटायला आल्या. त्यांना राजवाड्याचे फोटो बघायचे होते. आत्याने ते माझ्यावर सोपवले आणि स्वतः खोलीतल्या बाईंची, साड्यांच्या उत्तराची, कोबीच्या पानांची गोष्ट सांगत बसली. एका गुजराती शेजारणीने विचारलं, "बेन, तमने बीक ना लागी?" भीती नाही वाटली? आत्या म्हणाली, "लागी ने. पण बीजी वातनी." भीती वाटली, पण ती वेगळ्याच गोष्टीची.

त्यानंतर काही दिवसांनी तिने माझ्या नवऱ्याला फोनवर रशियन बातम्या लावून द्यायला सांगितलं. रोज सकाळी चहा झाला की ती गॅलरीत बसून ऐकायची. सुरुवातीला प्रत्येक वाक्याला थांबवून मागे घ्यायची. कामवाल्या मावशींना त्या आवाजाची सवय झाली, बंद असला तर त्या विचारायच्या. हिवाळ्यात एकदा मी शाळेत निघायच्या गडबडीत असताना तिचा फोन आला.

"आज एक बातमी न थांबवता पूर्ण कळली," ती म्हणाली. "तिकडे कुठेतरी खूप बर्फ पडलाय. बसगाड्या बंद आहेत आणि लोक चालत कामाला चाललेत."