आईच्या पाटावरचा माइक

पगार वाढला तेव्हा मी ठरवलं, घरात होम थिएटर आणायचं. आईला पिक्चरचं भलतं वेड, आणि आमचा टीव्ही बोलायचा सर्दी झाल्यासारखा. आईला एक तरी पिक्चर थेटरातल्यासारखा ऐकवायचाच, असा मी हट्ट धरला. माझे हट्ट अख्ख्या वडगावाला ठाऊक आहेत.

आई दुकानात आली नाही. "मला काय कळतंय त्यातलं? तुमी बघून या," म्हणाली. मग एमआयडीसीतली ड्यूटी संपवून मी बारामतीच्या दुकानात गेले आणि आबांना, म्हणजे वडिलांनाही तिथंच बोलावून घेतलं. दुकानदारानं आम्हाला बरोबर मधल्या खुर्च्यांवर बसवलं. आधी पाच पॉइंट एक: पुढं तीन स्पीकर, मागं दोन कोपऱ्यांत दोन आणि धडधडीसाठी एक मोठा डबा. मग सात पॉइंट एक, म्हणजे पाठीमागं आणखी दोन. आबा म्हणाले, "मागनं कुणी बोललं की मान वळतीया. पिक्चर बघायचा का भिंत?" शेवटी छतातून आवाज येणारा प्रकार लावला. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं आणि आबांनी टोपी धरली. मी तोच घेतला.

बसवायला आलेल्या माणसानं सोफ्याच्या मधोमध एक छोटा माइक ठेवला. त्या जागी कुठून किती आवाज पोचतो ते मशीन मोजतं आणि सगळे स्पीकर त्या जागेसाठी जुळवून घेतं.

मी आणि आबा सोफ्यावर बसून खूश. आई मात्र नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराच्या दारात, उंबऱ्याच्या आत पाट टाकून. एक डोळा टीव्हीवर, एक गॅसवरच्या दुधावर. ओढून सोफ्यावर बसवली तरी काहीतरी काम काढून परत पाटावर जायची. "हितंच बरं हाय." आणि घडीघडी विचारायची, "काय म्हणली गं ती?" मी चिडायचे. एवढं छतातून हेलिकॉप्टर आणलं आणि हिचं लक्षच नाही! आवाज कसा आहे विचारलं तर, "चांगला हाय की."

एका संध्याकाळी पिक्चर चालू असतानाच आई शेजारी विरजण द्यायला गेली आणि मला दुधापाशी बसवून गेली. मी तिच्या पाटावर टेकले आणि चाटच पडले. मागचा डावा स्पीकर नेमका त्या दारावर होता. तिथं ऐकू येत होता वारा, पाखरं, गाड्यांचे हॉर्न. माणसं बोलत होती ती पार तिकडं इंदापुरात. इतके दिवस आई नुसता वारा ऐकत होती आणि वर चांगला हाय म्हणत होती. मला रडूच आलं.

तिथंच बसून मी एकेक प्रकार लावून पाहिला. छतातले स्पीकर बंद केले. मग मागचेही बंद केले. वारा गेला, पण माणसं इंदापुरातच. दुकानातल्या सगळ्या प्रकारांनी ऐकणारा मधोमध बसलाय असं धरलं होतं, आणि आमची आई मधोमध कधी बसतच नव्हती.

मी खोक्यातून तो माइक शोधला, पाटावर डबे रचले आणि आईच्या कानाच्या उंचीवर ठेवला. तेवढ्यात ती आली.

"माझ्या पाटावर काय ठिवलंस गं हे?"

"तुझा कान. आता बोलू नकोस, मशीन मोजतंय."

"येडी हायस," म्हणाली, आणि स्पीकर भुस्स भुस्स करत होते तोवर तोंडाला पदर लावून हसत उभी राहिली.

जेवणं झाल्यावर पिक्चर लावला. आबा सोफ्यावर कुरकुरले, "आज समदा आवाज तिकडंच पळतोय की!" आईनं एकदाही विचारलं नाही, काय म्हणली गं ती. अर्ध्यात आबांनी नेहमीसारखा चहा मागितला.

"थांबा वो जरा," आई म्हणाली. "ती काय म्हणतीय ते ऐकू द्या."

आबा माझ्याकडं बघत राहिले. मला करपल्याचा वास आला. मी उठले, दूध उतू चाललं होतं. मला आत जाता यावं म्हणून आईनं गुडघा तेवढा बाजूला घेतला, टीव्हीवरची नजर काढली नाही.